इमेन्यूतून गायब झालेल्या प्रोसीजर

एका पतसंस्थेच्या हिशेबाची पीएल/एसक्यूएल (ओरॅकल डेटाबेसची भाषा) पॅकेज बॉडी, म्हणजे अनेक प्रोसीजर आणि फंक्शन यांचा प्रत्यक्ष कोड असलेली फाइल, साधारण 14,000 ओळींची. एवढ्या फाइलीत स्क्रोल करून काही सापडत नाही. ईमॅक्स 29 या कोड-संपादकात एम-जी आय (आल्ट आणि जी, मग आय) दाबायचं, नावाची पहिली चार अक्षरं टाइप करायची आणि थेट त्या प्रोसीजरवर जायचं. या सोयीचं नाव इमेन्यू. (29 च्या आधीच्या आवृत्तीत ही कळ बांधलेली नाही, तिथे एम-एक्स इमेन्यू म्हणावं लागतं.) 8 जून 2024 ला लक्षात आलं की यादीत कितीतरी प्रोसीजर नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या काही कॉमेंटमधल्या मेलेल्या प्रोसीजर आहेत. ते निस्तरून दुरुस्ती ईमॅक्सच्या त्या एसक्यूएल मोडच्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीत यायला ऑक्टोबर उजाडला. पैसे गेले एकूण साठ रुपये. हा सगळा क्रम लिहून ठेवतोय, कारण यातला प्रत्येक दोष दुसऱ्या कुठल्याही मोडमध्ये (एकेका भाषेसाठी ईमॅक्सला जोडलेल्या साधनात) जसाच्या तसा भेटतो.

पहिले दोन दिवस चुकीच्या जागी गेले. सेटिंग बदल, फाइल पुन्हा उघड, मेन्यू बघ, असं चाललं होतं. आधी करायला हवी होती ती गोष्ट साधी होती: खरा आकडा बाहेरून मोजणं. ग्रेप या शोधाच्या कमांडने उमेदवार ओळी काढल्या, नको त्या हाताने गाळल्या, आणि ज्यांना खरंच बॉडी आहे अशा 412 प्रोसीजर-फंक्शन निघाल्या. मग ईमॅक्स मोठ्या क्यूचा पर्याय देऊन उघडला, म्हणजे स्वतःच्या सेटिंगची इनिट फाइल अजिबात वाचली जात नाही. त्यात फक्त तो एसक्यूएलचा मोड हाताने लोड केला आणि मेन्यूतल्या नोंदी मोजल्या: 271. आता दुरुस्तीला मोजपट्टी मिळाली.

दुसरी सवय तेव्हाच लावून घेतली. मेन्यूकडे बघायचं नाही, सी-एच व्ही (कंट्रोल-एच, मग व्ही) करून 'इमेन्यू--इंडेक्स-अलिस्ट' हे व्हेरिएबल बघायचं. यादी इथे तयार होते आणि मेन्यू तीच दाखवतो. चूक यादीत असेल तर रेगेक्स (मजकूर शोधायचा नमुना), सिंटॅक्स टेबल (कुठलं अक्षर शब्दाचं, कुठलं कॉमेंटचं ते सांगणारा तक्ता) वगैरे तपासायचं. यादी बरोबर आणि दिसणं चुकीचं असेल तर प्रश्न दाखवण्याच्या सेटिंगचा असतो: एका मेन्यूत 25 पेक्षा जास्त नोंदी झाल्या की इमेन्यू त्यांचे उपमेन्यू पाडतो, आणि 60 अक्षरांपेक्षा लांब नाव कापतो. दोन्ही आकडे बदलता येतात. 'नाव सापडत नाही' अशा कितीतरी तक्रारी खरं तर उपमेन्यूत जाऊन बसलेल्या नावांच्या असतात.

माझ्या रोजच्या ईमॅक्समध्ये मात्र आकडा 271 सुद्धा नव्हता, कधी 240 तर कधी 260. त्याची दोन कारणं निघाली.

एक, यादी शिळी राहते. 'इमेन्यू-ऑटो-रीस्कॅन' मुळात बंद असतं. एकदा यादी बनली की नवी प्रोसीजर लिहिली तरी ती यादीत येत नाही. मेन्यूत सर्वांत वर जी रीस्कॅनची नोंद असते ती निवडावी लागते. ते चालू केलं तर छोट्या फाइलींत काम झालं, मोठीत नाही, कारण 'इमेन्यू-ऑटो-रीस्कॅन-मॅक्सआउट' ही मर्यादा 6,00,000 आहे आणि त्यापुढे इमेन्यू काही न बोलता जुनी यादीच वापरतो. इथे देवनागरीवाल्यांसाठी एक गंमत आहे. मदतीच्या मजकुरात ही मर्यादा बाइटमध्ये सांगितली आहे, पण कोड बफरचा (ईमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुराचा) आकार विचारतो आणि तो अक्षरचिन्हांत मिळतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. आमच्या फाइलींत कॉमेंट मराठीत आहेत. त्यामुळे डिस्कवर सात लाख बाइट असलेली एक फाइल बफरमध्ये 5,60,000 भरत होती आणि तिथे रीस्कॅन व्यवस्थित चालत होतं, तर 8,12,000 बाइटवाली 6,34,000 भरत होती आणि अडत होती. मर्यादा 10 लाख केली, विषय संपला.

दोन, फोल्डिंग, म्हणजे कोडचा भाग मिटवून ठेवणं. हाइडशोने एखादा मोठा ब्लॉक मिटवलेला असेल तर त्यातल्या व्याख्या इमेन्यू मुद्दाम वगळतो. कोडमध्ये 'अदृश्य व्याख्या मोजू नका' अशी स्पष्ट कॉमेंटच आहे. म्हणजे सकाळी काय मिटवलं होतं त्यावर दुपारची यादी ठरायची. याला दोष म्हणता येणार नाही, पण माहीत नसेल तर माणूस वेडा होतो. तपासणी करताना आधी सगळं उघडायचं आणि मग रीस्कॅन.

आता मूळ 271.

इमेन्यूला यादी कशी बनवायची ते बहुतेक मोड 'इमेन्यू-जेनेरिक-एक्स्प्रेशन' मधून सांगतात. त्यात प्रत्येक ओळीचे तीन भाग: उपमेन्यूचं शीर्षक, रेगेक्स, आणि त्या रेगेक्समधला कितवा कंस म्हणजे नाव. या मोडच्या पॅकेजचा रेगेक्स छोट्या लिपीतल्या शब्दांवर लिहिलेला होता, आणि आमच्या जुन्या कोडमध्ये कीवर्ड कॅपिटल. एसक्यूएलला दोन्ही सारखेच. 'इमेन्यू-केस-फोल्ड-सर्च' मुळातच चालू असतं, मग अडलं कुठे? उत्तर कोड वाचल्यावरच मिळालं. त्या बफरमध्ये मोडने फॉन्ट-लॉकची (कोड रंगवणाऱ्या सोयीची) सेटिंग स्थानिक, म्हणजे बफरपुरती, केलेली असेल आणि इमेन्यूची केली नसेल, तर इमेन्यू स्वतःच्या व्हेरिएबलकडे न बघता फॉन्ट-लॉकच्या यादीतला तिसरा घटक उचलतो. पॅकेजकर्त्याने तो रिकामा ठेवला होता, कारण रंगांच्या रेगेक्समध्ये त्याने दोन्ही रूपं हाताने लिहिली होती. म्हणजे रंग बरोबर, मेन्यू चूक. मोडच्या व्याख्येत 'इमेन्यू-केस-फोल्ड-सर्च' सेटक्यू-लोकलने चालू केलं. आकडा 419.

इथे सावध राहायला हवं. 412 हव्या होत्या, 419 आल्या, 'सात जास्तीच्या शोधून काढू' असं वाटतं. दोन्ही याद्या क्रमाने लावून डिफ काढला तेव्हा कळलं की 74 नावं गायब आहेत आणि 81 फालतू आहेत. चुका एकमेकींना झाकत होत्या. आकडा जवळ आला की नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, नावं ताडून बघावीत.

गायब 74 मध्ये साम्य एकच: 'फंक्शन' किंवा 'प्रोसीजर' हा शब्द एका ओळीवर आणि नाव पुढच्या ओळीवर. ही लेखनशैली जुन्या कोडमध्ये सर्रास दिसते. रेगेक्समध्ये दोन्हींच्या मध्ये 'व्हाइटस्पेस सिंटॅक्सचं अक्षर' असं लिहिलेलं होतं, म्हणजे बॅकस्लॅश-एस-डॅश. नवी ओळ त्यात धरली जाईल असं वाटतं. पण ज्या भाषेत कॉमेंट ओळीच्या शेवटी संपते तिथे नव्या ओळीच्या चिन्हाचा सिंटॅक्स 'कॉमेंटचा शेवट' असा असतो, व्हाइटस्पेस नाही. म्हणून रेगेक्स तिथे थांबतो. त्याऐवजी चौकटी कंसात स्पेस, टॅब आणि नवी ओळ ही तीन अक्षरं स्वतः लिहिली. आकडा 493.

याच ओळीत आणखी एक काटा होता. नावांतला डॉलर आणि हॅश. ओरॅकलच्या नावांत अंडरस्कोर, डॉलर आणि हॅश चालतात. रेगेक्समध्ये नाव म्हणजे 'शब्दातली अक्षरं' असं होतं, त्यामुळे डॉलरपाशी नाव तुटत होतं. 'इमेन्यू-सिंटॅक्स-अलिस्ट' मध्ये या तिघांना शब्दाचा भाग ठरवलं की फक्त शोधापुरता सिंटॅक्स बदलतो, संपादनात शब्दावरून उड्या मारण्याची सवय बिघडत नाही. मात्र या यादीत डॅश किंवा स्लॅश कधीही घालू नका. कॉमेंट ओळखणं त्याच तात्पुरत्या टेबलावर चालतं. डॅशला शब्द ठरवलंत की दोन डॅशची कॉमेंट कॉमेंट राहत नाही.

रेगेक्सबद्दल अजून एक, कारण दुरुस्ती करताना मी ती चूक स्वतः घातली. इमेन्यू बफरच्या शेवटाकडून मागे शोधत येतो. मागे शोधताना ईमॅक्स लांबात लांब जुळणी शोधत नाही. मागे सरकताना पहिल्यांदा जिथून जुळतं तिथूनच उचलतो. रेगेक्सची सुरुवात 'एक किंवा अधिक अक्षरं' अशी मोकळी असेल तर शेपटाचं एकच अक्षर हाती लागतं. म्हणून पॅटर्न नेहमी ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे ^ ला, बांधून ठेवायचा. आणि रेगेक्स रिकाम्या मजकुराला जुळला तर इमेन्यू त्या पॅटर्नचा शोध तिथेच सोडून देतो. एरर येत नाही, यादी अर्धी राहते.

आमच्या काही फाइलींत विभागांची शीर्षकं मराठी कॉमेंटमध्ये आहेत, 'व्याज आकारणी', 'ठेवींचे नूतनीकरण' अशी. त्यांचा वेगळा उपमेन्यू करायचा प्रयत्न केला. इंग्रजी ए ते झेड असा वर्ग तिथे अर्थातच निकामी. दुहेरी चौकटी कंसातला 'अल्फा' हा वर्ग वापरला. ईमॅक्समध्ये त्यात काना-मात्रा-वेलांट्याही धरल्या जातात, त्यामुळे नाव मधेच तुटत नाही. तरी उपमेन्यू रिकामा! कारण इमेन्यू कॉमेंट आणि स्ट्रिंगमधल्या जुळण्या टाकून देतो. 'इमेन्यू-जेनेरिक-स्किप-कॉमेंट्स-अँड-स्ट्रिंग्ज' बंद केलं तर शीर्षकं येतात पण मेलेल्या प्रोसीजरही येतात. दोन्ही एकत्र साधत नाही. शीर्षकांचा नाद सोडला.

मग प्रश्न उरतो की कॉमेंट वगळत असूनही 23 मेलेल्या प्रोसीजर यादीत कशा? कारण पॅकेजच्या सिंटॅक्स टेबलात फक्त दोन डॅशची कॉमेंट नोंदवलेली होती. स्लॅश-तारा या जोडीची कॉमेंट फॉन्ट-लॉकच्या रेगेक्सने नुसती राखाडी रंगवलेली. डोळ्याला कॉमेंट, ईमॅक्सला कोड. टेबलात स्लॅशला ". 14" आणि ताऱ्याला ". 23" अशी नोंद हवी: स्लॅश हे सुरुवातीचं पहिलं आणि शेवटाचं दुसरं अक्षर, तारा हे सुरुवातीचं दुसरं आणि शेवटाचं पहिलं. डॅशवाली शैली वेगळी ठेवण्यासाठी डॅश आणि नवी ओळ या दोन्ही नोंदींना 'बी' हे चिन्ह जोडायचं. एकालाच जोडलं तर एका शैलीची कॉमेंट दुसरीच्या शेवटावर संपते किंवा संपतच नाही, आणि अर्धी फाइल राखाडी होते. आकडा 470.

उरलेल्या 58 म्हणजे फॉरवर्ड डिक्लरेशन. पॅकेज बॉडीच्या सुरुवातीला प्रोसीजरचं नाव आणि पॅरामीटर लिहून अर्धविराम दिलेला, खरी बॉडी नंतर. पॅरामीटर दहा ओळींवर पसरलेले, त्यात डीफॉल्ट किमतींचे आतले कंस. रेगेक्सने हे ओळखायला जाऊ नये. इमेन्यूची एक फारशी न वापरलेली सोय इथे कामी येते: रेगेक्सच्या जागी फंक्शन देता येतं. त्याने मागे शोधायचं, सापडलं तर खरं परत करायचं आणि जुळणीची माहिती तशीच ठेवायची. मी त्यात नावापुढचा कंस फॉरवर्ड-सेक्स्पने (जुळणाऱ्या कंसापलीकडे नेणाऱ्या कमांडने) ओलांडला. पुढे अर्धविराम आला तर डिक्लरेशन म्हणून सोडायचं, 'इज' किंवा 'अ‍ॅज' आलं तर घ्यायचं. फंक्शन असेल तर मधे रिटर्नचा प्रकार येतो, तोही ओलांडायचा.

पहिल्याच प्रयोगात ईमॅक्स गोठला. सी-जी दाबून सोडवला, पुन्हा गोठला. कारण असं: तुमचं फंक्शन संपताना कर्सर जिथे असेल तिथून इमेन्यू पुढचा मागचा-शोध सुरू करतो. मी कंस ओलांडून पुढे गेलो आणि तिथेच थांबलो. तिथून मागे शोधलं की तीच प्रोसीजर पुन्हा, अनंत काळ. यादीत आधीच असलेली नोंद पुन्हा घेतली जात नाही, त्यामुळे मेमरीही वाढत नाही आणि लक्षण काहीच दिसत नाही. पुढचं डोकावणं 'सेव्ह-एक्स्कर्शन' (कर्सरची जागा जपणारं) आणि 'सेव्ह-मॅच-डेटा' (जुळणीची माहिती जपणारं) या दोन्हींच्या आत हवं. दुसरं विसरलात तर गोठत नाही, पण नावाच्या जागी भलताच मजकूर येतो. हे लावलं आणि आकडा 412. नावं ताडली, सगळी जुळली. तारीख 30 जून, रविवार, रात्री पावणेबारा. शेजारी सगळे झोपलेले, सांगायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनवर हेच सगळं घातलं आणि यादी पुन्हा वेगळीच. तिथे एगलॉट चालू होतं, म्हणजे ईमॅक्सला लँग्वेज सर्व्हरशी (कोडची माहिती पुरवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामशी) जोडणारं साधन. एगलॉट जोडलं की इमेन्यूची यादी लँग्वेज सर्व्हरकडून येते, मोडचं काही विचारात घेतलं जात नाही. 'एगलॉट-स्टे-आउट-ऑफ' मध्ये इमेन्यू घातलं की मोडची यादी परत येते. माझी दुरुस्ती चालतच नाही असं ज्याला वाटेल त्याने आधी हे बघावं. तसंच स्वतःच्या हुकात (मोड सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) सेटिंग बदलल्यावर मोड पुन्हा चालवून रीस्कॅन करावं. ही व्हेरिएबल बफरपुरती असतात, सेटक्यू-डीफॉल्टने काही होत नाही.

इथपर्यंत काम माझ्यापुरतं झालं होतं. पण पॅकेज ग्नू एल्पावर (ईमॅक्सच्या पॅकेजांच्या संग्रहावर) आहे, दोष सगळ्यांनाच आहे, म्हणून पॅच, म्हणजे बदलांची फाइल, पाठवायचं ठरवलं. हा भाग अनेकांना कोडपेक्षा अवघड वाटतो, म्हणून तपशिलात सांगतो.

7 जुलैला एम-एक्स रिपोर्ट-ईमॅक्स-बग ने नोंद केली. त्यात ईमॅक्सची आवृत्ती आणि सेटिंग आपोआप भरली जातात. मी मोठी फाइल जोडली नाही (ती द्यायचा अधिकारही नव्हता). प्रत्येक दोषाला सहा ते दहा ओळींचा नमुना, काय यायला हवं आणि काय येतं, एवढंच. पोचपावतीत बग क्रमांक येतो. तो येईपर्यंत दुसरी मेल पाठवू नका. क्रमांकाशिवाय सर्वसाधारण पत्त्यावर गेलेली प्रत्येक मेल नवा बग म्हणून नोंदली जाते. क्रमांक आला की त्या क्रमांकाच्या पत्त्यावरच उत्तरं, आणि 'सगळ्यांना उत्तर' हे बटण. मेल साध्या मजकुरात, पॅच गिटच्या फॉरमॅट-पॅचने काढून जोडलेला.

पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर तीन दिवसांत आलं. कोड बरोबर, पण पाच गोष्टी एका पॅचमध्ये कोंबू नका, कमिट संदेश, म्हणजे बदलाची नोंद, चेंजलॉगच्या पद्धतीने लिहा (तारा, फाइल, कंसात फंक्शनचं नाव, मग काय बदललं), पूर्णविरामानंतर दोन स्पेस द्या, आणि चाचण्या जोडा. दोन स्पेसची अट वाचून हसू आलं, पण ती खरोखर पाळतात. ईआरटीच्या (ईमॅक्सच्या स्वतःच्या चाचणी-साधनाच्या) सहा चाचण्या लिहिल्या. तात्पुरत्या बफरमध्ये नमुना टाकायचा, मोड लावायचा, 'इमेन्यू-क्रिएट-इंडेक्स-फंक्शन' हाताने बोलवायचं आणि आलेल्या नावांची यादी अपेक्षित यादीशी ताडायची. पॅच नव्वदेक ओळींचा झाला.

आणि तिथेच कागद आडवे आले. साधारण 15 ओळींपर्यंतचा बदल कागदांशिवाय घेतात, कमिटमध्ये तशी एक ओळ लिहून. त्यापुढे कॉपीराइट ईमॅक्समागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या नावे करून द्यावा लागतो. 20 जुलैला फॉर्म मेलने पाठवला. त्यात विचारतात: कुठल्या पॅकेजला योगदान, दुसऱ्याचं लिखाण उचललं आहे का, तुमच्या बदलांवर हक्क सांगू शकेल असा मालक किंवा शिक्षणसंस्था आहे का, नागरिकत्व कुठलं, जन्मवर्ष, टपालाचा पत्ता, आत्तापर्यंत कुठल्या फाइली बदलल्या. चार दिवसांनी करारनाम्याचा पीडीएफ आला. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट, सही, स्कॅन: तीस रुपये. नोटरी, स्टॅम्पपेपर काही मागितलं नाही, स्कॅन मेलने चालला.

नोकरीचं उत्तर 'आहे' असं दिलं होतं, म्हणून मालकाच्या सहीचं वेगळं ना-हरकत पत्रही आलं. खरा वेळ तिथे गेला. असा कागद कंपनीत आधी कुणी पाहिलेला नव्हता. तो मनुष्यबळ विभागातून कायदा सल्लागाराकडे आणि परत असा पाच आठवडे फिरला. त्यांना पटलं ते एका वाक्याने: हे पत्र कंपनीच्या सॉफ्टवेअरबद्दल नाही, फक्त या एका पॅकेजमधल्या माझ्या बदलांबद्दल आहे. हे वाक्य मी पहिल्याच दिवशी अर्जावर लिहायला हवं होतं. तुम्ही नोकरीत असाल तर कोड लिहायच्या आधीच हा कागद फिरवायला द्या. 2 सप्टेंबरला सही मिळाली, पुन्हा तीस रुपये, आणि 13 सप्टेंबरला दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत परत आली.

21 सप्टेंबरला पॅच आत गेला. तरी एम-एक्स पॅकेज-अपग्रेड काही नवं देईना. ग्नू एल्पा नवी आवृत्ती तेव्हाच बांधतं जेव्हा मुख्य फाइलीच्या डोक्यावरची व्हर्जनची ओळ बदलते. कमिट कितीही होऊ देत. थांबायचं नसेल तर डेव्हल एल्पावर प्रत्येक बदलाची बांधणी मिळते. मी थांबलो.

एक गोष्ट पॅचमध्ये नाही. पीएल/एसक्यूएलमध्ये एकाच नावाच्या, वेगळ्या पॅरामीटरच्या प्रोसीजर चालतात, आणि नाव टाइप करून निवडलं की इमेन्यू त्यांतल्या पहिलीवरच नेतो. त्यासाठी माझ्या इनिट फाइलीत एक छोटं वेष्टन आहे: तयार यादी घ्यायची आणि दुसऱ्यांदा आलेल्या नावापुढे ओळ क्रमांक चिकटवायचा. मेंटेनरला ते मोडचं काम वाटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटलेलं आहे.

व्हर्जनची ओळ 6 ऑक्टोबरला बदलली. पॅकेज अपग्रेड केलं, हुकातल्या माझ्या ओळी काढून टाकल्या, फाइल उघडली, यादी मोजली: 412.